शिवलेलं प्रकरण

बाइंडरकाकांनी आयुष्यभर लोकांची पुस्तकं शिवली, पण त्यातलं एकही वाचलं नाही. कुणी छेडलंच तर म्हणायचे, "चपला शिवणारा काय सगळ्यांच्या चपला घालून हिंडतो?" ऐकणारा हसायचा आणि विषय तिथेच संपायचा. खरं कारण एवढंच होतं की काकांची शाळा लवकर सुटली होती. वाचायला बसलं की ओळीखाली बोट ठेवावं लागायचं आणि चारचौघांत बोट ठेवून वाचायची त्यांना लाज वाटायची. हे खरं कारण जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस हिवाळा सरता सरता काकांना सोडून गेलं होतं.

काकू मात्र वाचायच्या. किती, तर चुलीवरचं दूध उतू जाऊन पातेलं करपेपर्यंत. आणि एकदा काकांनी त्यावरून आवाज चढवला तेव्हा काकूंनी पुस्तकातून मान वर न करता सांगितलं होतं, "जरा थांबा हो, इथे माणूस मरतोय."

औषधाच्या दुकानाच्या माडीवर रविवारी दुपारी एक वाचनमंडळ भरायचं. मंडळ कसलं, चार टाळकी. कोर्टात टायपिस्ट म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या अक्का, नर्सबाई, खालच्या दुकानाचे मालक केमिस्ट आणि काकू. वाचायची ती फक्त रहस्यकथा, आणि तीही श्रीमंतांच्या घरातली. केमिस्टांचं म्हणणं असं की गरिबांच्या घरी काय घडतंय ते भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यालाही ऐकू येतं, तिथे कसलं आलंय रहस्य! पुस्तकाची प्रत एकच असायची आणि ती घरोघर फिरायची.

एकदा काय झालं, केमिस्टांना शेवट पोटात ठेवता आला नाही. नर्सबाई खोकल्याचं औषध घ्यायला दुकानात आल्या आणि ह्यांनी बाटलीबरोबर खुन्याचं नावही सांगून टाकलं. नर्सबाईंनी बरेच दिवस त्यांच्याशी अबोला धरला. मंडळ मोडायची वेळ आली तेव्हा काकूंनी तोडगा काढला. "आमचे हे शेवटचं प्रकरण शिवून देतील. कुणीच आधी वाचायचं नाही, म्हणजे कुणी सांगायचा प्रश्नच नाही."

तेव्हापासून ही रीत पडली. नवं पुस्तक आलं की आधी काकांकडे यायचं. काका शेवटचं प्रकरण न वाचता बोटांत धरायचे, कडेला दाभणाने भोकं पाडायचे, मेण लावलेला दोरा ओवायचे आणि गाठ मारायचे. मग पुस्तक फिरायला निघायचं. ज्याचं वाचून होईल त्याने गुन्हेगार कोण असेल तो अंदाज अक्कांच्या कानात सांगायचा; अक्का स्वतः पंच, त्या अंदाज बांधायच्या नाहीत. अक्कांनी कोर्टात उभ्या जन्मात इतकी गुपितं टाइप केली होती की त्यांच्या पोटात गेलेलं बाहेर यायची सोय नव्हती. पुस्तक सगळ्यात शेवटी काकूंकडे यायचं, कारण तीन घरांतून फिरून खिळखिळं झालेलं असायचं आणि काका ते नीट करून द्यायचे. ठरलेल्या रविवारी अक्का सगळ्यांचे अंदाज जाहीर करायच्या, दोरा कापायच्या, आणि शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचलं जायचं. कापलेला दोरा गाठीसकट त्याच पुस्तकात ठेवून पुस्तक कपाटात जायचं. ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त चुकला त्याने पुढच्या बैठकीचा चहा आणि बिस्किटं आणायची.

चहा दरवेळी काकूच न्यायच्या.

इतकी वर्षं वाचून ह्या बाईला एकदाही चोर सापडला नाही. वर आपला चुकीचा अंदाज त्या अशा हिरिरीने मांडायच्या की मंडळाने त्यांचं नाव 'वकीलबाई' ठेवलं होतं. रविवारी संध्याकाळी त्या माडीवरून घरी आल्या की काका मुद्दाम विचारायचे, "काय वकीलबाई, जिंकलात का खटला?"

"नाही हो, परत हरले."

"आणि मी सांगितलं होतं ते?"

"तुमचं ना? तुमचं अगदी थोडक्यात हुकलं."

मग काका खुशीत यायचे. कारण रात्रीच्या जेवणाला त्या घरात ताटाबरोबर पुस्तकही वाढलं जायचं. काकू दिवसभर वाचलेलं रंगवून सांगायच्या आणि काका घास हातात धरून ऐकायचे. ज्या बंगल्याच्या फाटकातून काका कधी आत गेले नव्हते, त्या बंगल्यातल्या दिवाणखान्यात कोण कुठे बसलं होतं हे त्यांना पाठ असायचं. आणि शेवटाच्या अलीकडे गोष्ट थांबली की काकू विचारायच्या, "हं, बोला. कोणी केलं असेल?" काका आमटीचा भुरका मारून जे तोंडाला येईल ते ठोकून द्यायचे. तेवढी मजा त्यांना पुरत होती. "तुम्हीही चला की माडीवर," असं काकू अधूनमधून म्हणायच्या. "मी काय करू तिथे? तिथे सगळी वाचलेली माणसं," काका म्हणायचे, आणि काकू जास्त ताणून धरायच्या नाहीत.

शेवटचं पुस्तक घरात आलं तेव्हा काकूंनी अंथरूण धरलं होतं. कादंबरी होती दोन श्रीमंत शेजाऱ्यांची. दोन बंगले, मध्ये कापून नीट केलेलं कुंपण. एका बंगल्यात उद्योगपती आणि त्याची तरुण बायको. दुसऱ्यात एक प्रेमळ विधवा, येता जाता सूप पाठवणारी. एका मोठ्या मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी ती तरुण बायको घरातून नाहीशी होते. चपला जागेवर, चष्मा जागेवर, बाई नाही.

काकू उशीला टेकून ही गोष्ट सांगायच्या. आवाज बारीक झाला होता, मध्येच दम लागायचा, पण बंगल्यातले पडदे कोणत्या रंगाचे ते सांगायला चुकायच्या नाहीत. एका दुपारी काका त्यांचे पाय दाबत बसले होते. काकूंनी पुस्तकात खूण घातली आणि नेहमीसारखं विचारलं, "बोला. काय झालं असेल तिचं?"

नाहीशा झालेल्या बायकोचं काय झालं असेल ह्याचा अंदाज काकांना त्या दिवशी बांधायचाच नव्हता. ते पाय दाबत म्हणाले, "कोणी काही केलेलं नाही तिला. गेली असेल कुठेतरी मन रमवायला. येईल परत. तू बघच."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "चांगला आहे अंदाज," त्या म्हणाल्या.

त्यानंतर गोष्ट पुढे सरकली नाही.

काकू गेल्यावर पुस्तक घरातच राहिलं. मंडळाने तगादा लावला नाही, तेवढी समज त्या माणसांना होती. काका सुरुवातीला त्या पुस्तकाकडे नुसते बघायचे. मग एका संध्याकाळी, ऐकायला कुणी नाही आणि बघायलाही कुणी नाही असं पाहून, त्यांनी काकूंची खूण होती तिथून वाचायला सुरुवात केली. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत. कधी अर्धं पान, कधी चार ओळी. काकूंनी एका जेवणात उरकलं असतं तेवढं वाचायला त्यांना कित्येक संध्याकाळी लागल्या, आणि त्याची त्यांना अजिबात घाई नव्हती. पुस्तक चालू होतं तोवर घरात काहीतरी काकूंचं चालू होतं.

असं करता करता ते शिवलेल्या प्रकरणापाशी पोचले आणि त्यांचं बोट अडखळलं.

शिवण त्यांची नव्हती.

भोकं त्यांनीच पाडलेली होती, दोराही त्यांच्याच डब्यातला, मेण लावलेला. पण काकांच्या गाठीचं टोक उजवीकडे वळायचं आणि हे वळलं होतं डावीकडे. टाके सैल पडले होते, एक भोक तर चुकूनच राहिलं होतं. लग्न होऊन आल्यावर काकू दुकानात हाताखाली बसायच्या. खळ लावायला शिकल्या, टाके घालायला शिकल्या, पण गाठीपाशी काकांनी हात टेकले होते. काकू डावखुऱ्या. "उलटी पडते गं तुझी गाठ," काका वैतागायचे. "उलटी तुम्हाला दिसते, मला हीच सरळ आहे," हे त्यांचं उत्तर.

काका एकटेच, मोठ्याने म्हणाले, "अगं चोरटे!" आणि काकू गेल्यापासून पहिल्यांदा त्यांना हसू फुटलं. म्हणजे ज्या बाईने हा नियम काढला, त्याच बाईने दोरा उसवून शेवट वाचला, आणि काही झालंच नाही अशा थाटात परत शिवून ठेवला! अंथरुणात बसून, नवरा घरात नसताना.

हसू ओसरलं आणि त्यांना दुसरंच सुचलं. हे पहिल्यांदाच असेल कशावरून? पुस्तक दरवेळी काकूंकडेच सगळ्यात शेवटी यायचं. आणि हिला दरवेळी सगळं माहीत असेल, तर ही दरवेळी हरायची कशी?

ह्याचं उत्तर अक्कांपाशी असेल तर असेल. शेवटच्या आठवड्यात अक्का भेटायला आल्या होत्या. काका चहा टाकायला आत गेले तेव्हा दोघींचं काहीतरी कुजबुजणं आणि मग हसणं त्यांनी ऐकलं होतं. तेव्हा काकूंनी अंदाज सांगितला असेल का? ह्या विचाराने काकांची झोप उडाली. काकूंचं ह्या जगातलं शेवटचं मत कदाचित कुणाच्या तरी पोटात शाबूत होतं, आणि त्यांना ते हवं होतं. पण अक्का अंदाज सांगणार बैठकीत. बैठक होणार पुस्तक आल्यावर. आणि पुस्तक दिलं की दोरा कापला जाणार, प्रकरण वाचून होणार, संपणार सगळं.

होय-नाही करता करता उन्हाळा आला. एक दिवस केमिस्ट स्वतः काकांच्या दुकानात आले, इकडचं तिकडचं बोलले, आणि जाताना दारात घुटमळले. "काका, घाई काही नाही. पण अक्कांचं वय झालंय हो. हल्ली स्वतःचा चष्मा कुठे ठेवला ते त्यांच्या लक्षात राहत नाही."

काकांनी हातातलं काम खाली ठेवलं. "ह्या रविवारी घेऊन येतो," ते म्हणाले.

रविवारी ते सगळ्यांच्या आधी माडीवर पोचले. केमिस्ट खाली गिऱ्हाइकात अडकले होते. खोली लहान होती. चार खुर्च्या, एक खिडकी, आणि खालून येणारा औषधांचा वास, जो काकूंच्या पदराला रविवारी संध्याकाळी यायचा. काकांनी तो ओळखीचा वास भरभरून घेतला. मग त्यांनी कपाट उघडलं. एक पुस्तक काढलं, दुसरं काढलं, मग तिसरं. प्रत्येकात शेवटच्या पानात कापलेला दोरा होता. प्रत्येक गाठ डावीकडे वळलेली.

पायऱ्यांवर पावलं वाजली तसं त्यांनी कपाट बंद केलं.

नर्सबाई अक्कांचा हात धरून आल्या. काकूंच्या खुर्चीत बसायला कोणी पुढे होईना, तेव्हा अक्कांनीच काकांना त्या खुर्चीकडे ढकललं. चहा केमिस्टांनी केला होता आणि तो अगदीच पांचट होता. नर्सबाई एक घोट घेऊन म्हणाल्या, "वकीलबाई हरायच्या तेच बरं होतं. निदान चहा तरी प्यायला मिळायचा."

त्यावर सगळे हसले आणि आठवणींचा बांध फुटला.

"तो हिऱ्यांचा हार चोरीला गेला होता ते आठवतंय?" केमिस्ट म्हणाले. "आम्ही सगळे त्या पुतण्याच्या मागे. आणि वकीलबाईंचा अंदाज काय, तर कुत्र्याने गिळला! अर्धा तास भांडल्या. म्हणे कुत्रा तिसऱ्या प्रकरणापासून जेवत नाहीये, ह्याचा जाब कोण देणार?"

काकांच्या हातातला कप थांबला. कुत्र्याने गिळला असेल, त्याचं पोट बघा म्हणावं, हे तर त्यांनी म्हटलं होतं. भाकरी मोडता मोडता.

"कुत्रा परवडला," नर्सबाई म्हणाल्या. "पण प्रत्येक पुस्तकात डॉक्टर! डॉक्टर असला की ह्यांचा संशय त्याच्यावरच. मी चिडायचे. इतक्या शहाण्या बाईचा डॉक्टरांवर एवढा राग का, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही."

काकूंचा डॉक्टरांवर कसलाही राग नव्हता. राग होता काकांचा. दाताच्या डॉक्टरने दुखरा ठेवून चांगला दात उपटला होता, तेव्हापासून गोष्टीत डॉक्टर आला की काका ताटावरून बोट उगारून म्हणायचे, "हाच!"

काकांनी कप खाली ठेवला. सगळं आता त्यांच्या लक्षात येत होतं आणि डोळे भरून येत होते. बायकोला खरा चोर माहीत असायचा. तरी ती माडी चढून यायची, ह्या वाचलेल्या माणसांसमोर बसायची, आणि न वाचणाऱ्या नवऱ्याचा अंदाज स्वतःचा म्हणून मांडायची. त्याच्यासाठी भांडायची, हसू करून घ्यायची, दंड भरायची. आणि घरी येऊन सांगायची, तुमचं अगदी थोडक्यात हुकलं. तिच्या तोंडून काका वर्षानुवर्षं ह्या खोलीत येत होते आणि त्यांचा त्यांनाच पत्ता नव्हता.

"चला, अंदाज," अक्का म्हणाल्या. चष्मा त्या खरंच घरी विसरल्या होत्या, पण आवाज कोर्टातला होता. "केमिस्ट म्हणतात, नवऱ्याने मारलं. नर्सबाई म्हणतात, ड्रायव्हरने पळवलं." मग त्या थांबल्या. "आणि वकीलबाई."

"त्यांनी सांगितला होता?" काकांनी विचारलं.

"सांगितला होता तर. तुम्ही चहा टाकायला गेलात तेव्हा. शब्द न शब्द पाठ करून घेतला माझ्याकडून." अक्कांनी डोळे मिटले. "कोणी काही केलेलं नाही तिला. गेली असेल कुठेतरी मन रमवायला. येईल परत. तू बघच."

खालच्या दुकानात कुणीतरी घंटी वाजवली. केमिस्ट उठले नाहीत.

अक्कांनी कात्री काकांपुढे धरली. "आज तुम्हीच कापा."

काकांनी दोरा कापला. गाठ बोटांत आली ती त्यांनी मुठीत घेतली. नर्सबाईंनी वाचायला सुरुवात केली आणि काका खुर्चीत ताठ बसून ऐकत राहिले. गुन्हेगार ती सूप पाठवणारी शेजारीण निघाली. उद्योगपतीची बायको मेजवानीच्या रात्रीच गेलेली होती आणि कुंपणापलीकडच्या पोहायच्या नव्या तलावाच्या फरशीखाली होती. शोध चालला होता तेवढे सगळे दिवस ती तिथेच होती. परत येणार नव्हती. पुस्तकाच्या शेवटच्या ओळीत नवरा तिचा चष्मा पुसून पुन्हा टेबलावर ठेवतो.

काकू हे वाचून बसली होती. सैल टाक्यांनी ते परत शिवून ठेवून, मग ती नवऱ्याला विचारत होती, बोला, काय झालं असेल तिचं. किंवा आधी विचारलं असेल आणि मग शिवलं असेल. कसंही असो, ती बाई परत येणार नाही हे माहीत असून तिने अक्कांकडून पाठ करून घेतलं होतं, येईल परत.

"म्हणजे कुणाचंच बरोबर नाही," केमिस्ट म्हणाले. "पण सगळ्यात जास्त चुकल्या त्या आपल्या वकील..." आणि त्यांनी जीभ चावली.

"ती नाही चुकली," काका म्हणाले. "मी चुकलो."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. काकांना चारचौघांत बोलायची सवय नव्हती, पण आता बोलणं भाग होतं. "तो अंदाज माझा होता. कुत्रा माझा. डॉक्टर सगळे माझे. मी जेवताना बरळायचो आणि ती इथे येऊन तुमच्याशी भांडायची. मला आज कळलं."

नर्सबाईंनी पदर डोळ्यांना लावला. अक्कांना मात्र जराही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "मला संशय होताच," त्या म्हणाल्या. "वाचणाऱ्या माणसाचे अंदाज नव्हते ते, ऐकणाऱ्याचे होते. त्या इथे भांडत असताना मला नेहमी वाटायचं, ह्या बाई कुणाची तरी बाजू मांडतायत."

"मग वकीलबाईंचा स्वतःचा अंदाज काय असायचा?" केमिस्टांनी विचारलं. "त्यांनाही काहीतरी वाटत असेलच की."

काकांच्या मुठीत गाठ होती. ती उघडून दाखवली असती तर ह्या मंडळींना कळलं असतं की आपली वकीलबाई आपल्या सगळ्यांपेक्षा किती हुशार होती. आणि हेही कळलं असतं की ह्या मंडळाचा एकुलता एक नियम तिनेच काढला आणि तिनेच दरवेळी मोडला. काकांना तिची बाजू मांडायची फार इच्छा झाली. मग त्यांच्या लक्षात आलं की बाजू मांडायची वेळ आता त्यांच्यावर आली आहे, आणि अशिलाची गुपितं वकील बाहेर काढत नसतो.

"तो तिने मला कधीच सांगितला नाही," ते म्हणाले. हे खरंच होतं.

रीतीप्रमाणे दोरा पुस्तकात ठेवायचा होता. काकांनी तो खिशात टाकला, आणि कुणी विचारलं नाही.

निघताना अक्कांनी त्यांच्या हातात एक कोरं करकरीत पुस्तक ठेवलं. पुन्हा बंगलाच होता, मुखपृष्ठावर फाटक आणि फाटकाबाहेर गाडी. "शिवून द्या. आणि ह्या वेळी सगळ्यात आधी तुम्ही वाचा. वेळ लागला तर लागू द्या."

"मी फार हळू वाचतो, अक्का. ओळीखाली बोट ठेवून," काका सगळ्यांदेखत म्हणाले.

"ठेवा की. पुस्तकाला काय गुदगुल्या होतात?"

जिना उतरताना काकांनी पुस्तक उघडून पहिल्या पानावर नजर टाकली. तिसऱ्याच ओळीत डॉक्टर होता. ते पायरीवर थांबले, वर वळून ओरडले, "पुढच्या वेळचा चहा माझ्याकडे!" आणि मग घरी गेले.